बोगद्यातली दुपार

जयवंत खेराडेला पहिल्यांदा पाळण्यात घातलं तेव्हा त्याने पन्नाशी ओलांडली होती, आणि त्याची थोरली बहीण सुनेत्रा उशाशी बसून त्याच्याशी हलक्या आवाजात बोलत होती, तान्ह्या मुलाशी बोलावं तसं.

पाळणा हे त्या यंत्राचं खरं नाव नव्हे. खरं नाव लांबलचक आणि इंग्रजी होतं, यंत्राच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेलं, आणि ते कुणी उच्चारत नसे. साताऱ्याबाहेर महामार्गालगत जे नवं रुग्णालय उभं राहिलं होतं, त्याच्या आपत्कालीन विभागाच्या टोकाला एक शांत खोली होती. त्या खोलीत ते असे. बाहेरून मोटरसायकलच्या हेल्मेटसारखं, आतून मऊ. ज्याचं मन एकाएकी बिथरलंय, ज्याला चौघांनी धरून आणलंय, अशा माणसाच्या डोक्यावर ते चढवायचं. थोड्या वेळात तो हातपाय सैल सोडायचा. हे बघून कुणीतरी सिस्टर म्हणाली, हा तर पाळणाच आहे. तेव्हापासून तेच नाव पडलं.

सुनेत्राने त्याआधीचे दिवस पाहिलेले होते. अण्णा, म्हणजे त्यांचे वडील, गेले त्याच्या पुढच्या वर्षी जयवंतला पहिला झटका आला. तेव्हा तो ऐन विशीत होता. मग वर्षा-दोन वर्षांनी एकदा तरी तिला त्याला घेऊन कुठल्या ना कुठल्या कॅज्युअल्टीत धावावं लागे. अपघातातले जखमी, साप चावलेले, छातीत दुखणारे, आणि त्या गर्दीत ओरडणारा जयवंत. लोक आपापली मुलं जवळ ओढून घेत. डॉक्टर वाईट नसत, पण त्यांच्या हाताशी दोनच गोष्टी असत, बँडेजच्या पट्ट्या आणि इंजेक्शन. मनगटं खाटेच्या दांड्याला बांधायची आणि सुई द्यायची. तो दोन दिवस झोपायचा, जड जिभेने उठायचा आणि मनगटांवरचे वळ दिसले की भिंतीकडे तोंड करायचा. त्या वळांबद्दल बहीण-भाऊ कधी बोलले नाहीत. उन्हाळ्यातही तो पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचा, तेवढंच.

एरवी जयवंतइतका सरळ माणूस शोधून सापडला नसता. पोवई नाक्यामागच्या गल्लीत त्याचं मोटर वाइंडिंगचं छोटं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी, पिठाच्या गिरणीच्या मोटरी तो उघडायचा, काळी पडलेली तार उपसून काढायचा आणि नवी तांब्याची तार वेढ्याला वेढा लावून भरायचा. सुनेत्रा एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीमागे नोकरी करत असे. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली हे तीच माइकवरून सांगे. पुढे घोषणा यंत्र करू लागलं, तरी भाजी बाजारात तिने दर विचारला की एखादा म्हातारा मान वळवून बघायचा. हा आवाज कुठे ऐकलाय, असा त्याचा चेहरा असायचा. तिने लग्न केलं नाही. कुणी कारण विचारलं तर ती जयवंतचं नाव घेत नसे आणि जयवंतला वाटे, कारण आपणच आहोत.

पाळण्याबद्दल त्यांना पहिल्यांदा सांगितलं ते डॉ. अस्मा मुजावर यांनी. त्या मिरजेकडच्या. वयाने सुनेत्राच्या मुलीसारख्या, पण घाई न करणाऱ्या. त्यांनी दोघांना समोर बसवून समजावून सांगितलं. मेंदूत खोलवर बदामाएवढी एक गाठ असते. भीती तिथे जागी होते. तिला लागूनच आठवणी बांधून ठेवणारा भाग असतो. माणूस बिथरला की ती गाठ भोंग्यासारखी वाजत राहते आणि मग समोरचा ओळखीचा माणूसही वैरी दिसतो. इंजेक्शन सबंध मेंदूवर जाड पांघरूण घालतं. पाळण्याची रीत निराळी. प्रत्येकाच्या आयुष्यात एखादा तरी तास असा गेलेला असतो, की त्या तासात त्याच्या शरीराला कसलीच भीती नव्हती. तो तास त्या वेळच्या श्वासासकट, नाडीच्या ठोक्यासकट आत जपलेला असतो. तो कुठला हे आधी शोधायचं. मग वेळ आली की त्या तासाशी बांधला गेलेला आवाज किंवा वास द्यायचा, आणि कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरींनी ती जागा हलकेच जागी करायची. शरीर त्या तासात परत जातं. भोंगा थांबतो.

"आम्ही नवं काही आत घालत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "जे आहे तेच वर आणतो."

जयवंत बरा असतानाच हा तास शोधून ठेवायचा होता. काही दुपारी ते दोघं त्या शांत खोलीत जाऊन बसले. जयवंतच्या डोक्यावर पाळणा, समोर पडद्यावर एक रेघ, भीती ओसरली की खाली येणारी. लहानपणचे आवाज आणि वास आठवायचं काम सुनेत्राचं. ते काम तिला फार आवडलं. इतक्या वर्षांत तिला असं कुणी विचारलंच नव्हतं.

त्यांचं लहानपण घाटाच्या पायथ्याशी, धरणाच्या वसाहतीत गेलं होतं. डोंगरावर धरण, डोंगराच्या पोटात वीजगृह आणि खाली सिमेंटच्या पत्र्यांच्या क्वार्टर्सच्या रांगा. अण्णा वीजगृहात टर्बाइनवर ऑपरेटर होते. पाळी बदलली की भोंगा व्हायचा आणि बायका त्यावर कुकर चढवायच्या. मैदानात पांढरा कापडी पडदा लावून सिनेमा दाखवायचे. उशिरा आलेल्यांना पडद्यामागे बसावं लागे, मग सगळे नट डावखुरे दिसायचे. कुणी घाटावरचं, कुणी कोकणातलं, कुणी आंध्रातलं, कुणी केरळचं. शेजारच्या अम्मांनी आईला इडली शिकवली आणि आईने त्यांना कुळथाचं पिठलं. प्रकल्पाचं काम आटपलं, माणसं बदलून गेली आणि क्वार्टर्सवर वेल चढले. आता तिथे जायला रस्ताही धड उरला नव्हता.

सुनेत्राने सगळं सांगितलं आणि डॉक्टरांनी मिळेल ते मिळवलं. वातीच्या स्टोव्हचा वास. निखाऱ्यात भाजलेल्या फणसाच्या आठळ्या. पाळीचा भोंगा. आई निजवताना म्हणायची ते गाणं तर सुनेत्राने स्वतः म्हणून दाखवलं, आणि म्हणता म्हणता तिचाच आवाज कापरा झाला. पडद्यावरची रेघ मात्र ढिम्म हलली नाही. भोंग्याला तर ती वर चढली. सुनेत्राला मनातून वाईट वाटलं. आईचं गाणं आपल्याला पुरलं, याला पुरलं नाही.

एका दुपारी खोलीत उकडत होतं म्हणून डॉक्टरांनी खिडकी उघडली. बाहेर आवारात रुग्णालयाचा ट्रान्सफॉर्मर गुणगुणत होता. आणि पडद्यावरची रेघ एखाद्याने हात धरून उतरवावी तशी सावकाश खाली आली. डॉक्टरांनी खिडकी लावली, रेघ चढली. उघडली, उतरली. जयवंत डोळे मिटून हसत होता.

"पन्नास सायकल," तो म्हणाला. "वीज सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होते, त्यामुळे आतलं लोखंड शंभर वेळा ताणलं जातं आणि सैलावतं. देशातला प्रत्येक ट्रान्सफॉर्मर याच सुरात गुणगुणतो. पॉवरहाऊसमध्ये हाच सूर होता. फक्त तिथे तो जमिनीतून यायचा."

मग त्याने ती दुपार सांगितली. तो पाच-सहा वर्षांचा असेल. अण्णांनी त्याला एका रविवारी बोगद्यातून आत नेलं. बोगद्यात दिव्यांची माळ, भिंतींतून झिरपणारं पाणी, ओल्या दगडाचा आणि तेलाचा वास. आत एवढा मोठा दिवाणखाना की त्याची मान दुखली. अण्णा खुर्चीत बसले आणि त्यांनी त्याला मांडीवर घेतलं. त्यांच्या खाकी शर्टाच्या खिशात, फार घाम येणाऱ्या कामगारांना देत त्या मिठाच्या गोळ्यांचा पुडा होता, तो त्याच्या गालाला टोचत होता. पायांखालून, खुर्चीतून, अण्णांच्या छातीतून तो सूर येत होता. डोंगर आपल्याला धरून बसलाय असं त्याला वाटलं. तिथेच त्याला झोप लागली.

सुनेत्रा ऐकत राहिली. तो रविवार तिलाही माहीत होता. ती नऊ वर्षांची होती आणि त्या दोघांबरोबर बोगद्याच्या दारापर्यंत गेली होती. बायामाणसांनी बोगद्यात पाऊल टाकायचं नाही, असं कामावरची माणसं मानत. अण्णांनी तिला वॉचमनच्या झोपडीपाशी बसवलं आणि जयूचा हात धरून ते आत गेले. पुढे अण्णांनी तिला कॉलेजात घातलं, नोकरीला लागली तेव्हा पेढे वाटले, पण ती दुपार तिने त्यांना कधी माफ केली नाही. त्याबद्दल ती कुणापाशी बोललीही नाही. डॉक्टरांपुढेही नाही.

पहिला प्रसंग आला तो त्याच हिवाळ्यात. जयवंतची झोप उडाली होती. झोपलेल्या माणसांच्या अंगातून वीज ओढून ती शहराला पुरवतात, हे त्याला पक्कं कळलं होतं. भर दुपारी तो गल्लीतल्या दुकानांत शिरून मेन स्विच खाली ओढत सुटला. एका ठिकाणी झटापट झाली, कुणाचं डोकं फुटलं, पोलिसांनी त्याला गाडीत घातलं. सुनेत्रा रिक्षाने मागोमाग पोचली. तिला दुरूनच त्याचा आवाज ऐकू आला आणि तिचं लक्ष आपोआप सिस्टरच्या हातांकडे गेलं. हातांत पट्ट्या नव्हत्या.

शांत खोलीत जमिनीवर गादी होती. पाळणा कसाबसा चढवला. डॉक्टर अस्मांनी सुनेत्राला सांगितलं, बोलत राहा, स्टँडवर घोषणा करायचात तशा, सावकाश. काय बोलावं हे तिला सुचेना. म्हणून ती खरोखरच गाड्या सांगू लागली. महाबळेश्वर, मेढा, पाटण, चिपळूण. यंत्रातून तो सूर येत होता. जयवंतच्या मुठी उघडल्या. खांदे उतरले. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि तो एकदाच "अण्णा" म्हणाला. चारच दिवसांत तो घरी आला. मनगटं स्वच्छ होती. पुढच्या उन्हाळ्यात त्याने अर्ध्या बाह्यांचे दोन शर्ट शिवून घेतले. ते बघून सुनेत्रा स्वयंपाकघरात जाऊन रडली.

पुढच्या काही वर्षांत पाळण्याची गरज आणखी पाच-सहा वेळा पडली. दुखणं गेलं नव्हतं, पण त्याची धार गेली होती. दुकान बंद पडलं नाही. गल्लीतली माणसं परत बोलू लागली. आपत्कालीन विभागही बदलला. तिथली माणसं जमिनीवर, गादीशेजारी बसायला शिकली. अंगात त्राण असेतो ओरडणाऱ्या माणसाजवळ कुणीतरी बसून राहायचं, ही तिथली रीत होऊन गेली. प्रत्येक वेळी उशाशी सुनेत्रा असे आणि प्रत्येक वेळी ती बोलत असे.

मग एकदा चिपळूणहून त्यांची मावसबहीण सरोज आली होती. जेवताना वसाहतीच्या गप्पा निघाल्या आणि जयवंत रंगात येऊन बोगद्याची दुपार सांगू लागला. दिव्यांची माळ, झिरपणारं पाणी. "आणि ताईने माझा हात घट्ट धरला होता," तो म्हणाला. "मी घाबरेन म्हणून सारखी माझ्याशी बोलत होती."

सुनेत्राच्या हातातला घास हातातच राहिला. सरोज म्हणाली, तुला पण नेलं होतं होय गं.  सुनेत्राने भाताचा घास तोंडात घातला. सगळी दुपार तिच्या अंगात एक वेडा आनंद भरून राहिला होता. पन्नास वर्षांनी कुणीतरी तिला आत नेलं होतं. खरं सांगायचं तिच्या जिवावर आलं, आणि ती गप्प राहिली.

तो आनंद फार टिकला नाही. पुढच्या झटक्यानंतर, तो बरा होऊन दुकानात जाऊ लागल्यावर, तिने सहज विचारावं तसं विचारलं, की बोगद्यात तू कुणाच्या मांडीवर झोपला होतास रे.

"तुझ्याच की," तो म्हणाला.

"आणि अण्णा?"

तो थोडा वेळ आठवत राहिला. एक खाकी कपड्यातला माणूस होता, म्हणाला. तिकडे, चाकांपाशी. पाठमोरा. त्याच्या कपाळाला आठी पडली, जणू हातात धरलेली वस्तू कुठे ठेवली ते आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुनेत्रा एकटीच डॉक्टरांकडे गेली. डॉ. अस्मांनी सगळं ऐकून घेतलं आणि दार लावून घेतलं. त्या म्हणाल्या, आठवण ही पेटीत ठेवलेल्या वस्तूसारखी नसते. ती वर आली की काही तास ओल्या मातीसारखी मऊ होते, आणि मग पुन्हा वाळून घट्ट होते. त्या वेळात आसपास जे असेल त्याचे ठसे तिच्यात उमटतात. आपण साधं आठवतो तेव्हाही हे थोडंफार होतंच. पाळणा ती फार खोलवरून, पूर्ण वर आणतो, म्हणून ठसेही खोल उमटतात. हे माहीत होतं. इतकं होईल हे माहीत नव्हतं. दुसऱ्या एका आजींच्या आठवणीतल्या नदीकाठाला आता शांत खोलीतले हिरवे पडदे लागलेत. "जी आठवण माणूस कधीच बाहेर काढत नाही, तीच सगळ्यांत अस्सल राहते," त्या म्हणाल्या. "हे मी तुम्हाला तेव्हाच स्पष्ट सांगायला हवं होतं."

सुनेत्राने विचारलं, अजून किती वेळा चालेल. डॉक्टर म्हणाल्या, सांगता येत नाही. शांत तर तो होत राहील, पण त्या आठवणीत तुमचे वडील राहतील की नाही, ते मी सांगू शकत नाही. दुसरा तास शोधून पाहिला होता, तितका खोल दुसरा सापडला नव्हता. काय करायचं हे जयवंतनेच ठरवायला हवं, आणि तो बरा आहे तोवर.

सुनेत्रा दुकानात गेली तेव्हा तो एका मोटरीला वार्निश देत होता. ती लाकडी स्टुलावर बसली आणि तिने सांगून टाकलं. मी आत नव्हते, जयू. मला दारात बसवलं होतं. तू ज्याच्या मांडीवर झोपलास ते अण्णा होते, आणि त्यांच्या खिशातला मिठाच्या गोळ्यांचा पुडा तुझ्या गालाला टोचत होता. तूच हे सांगितलं होतंस.

त्याने ब्रश डब्यात ठेवला. बराच वेळ तो गालावर हात ठेवून बसला. पुडा आठवतोय का असं तिने विचारलं, त्याने नाही म्हणून मान हलवली. मग म्हणाला, हात आठवतो. अण्णांचा हात, पोटावरून धरलेला. चेहरा नाही, पण हात त्यांचाच आहे. तुझा असा केसाळ नाही.

दोघंही हसले, आणि हसता हसता त्याचा चेहरा वाकडा झाला.

त्याने काय ठरवलं ते त्याने चार दिवसांनी डॉक्टरांसमोर सांगितलं. कायद्यात तशी सोय आहे. माणूस शुद्धीत असताना सांगून ठेवू शकतो, की उद्या माझं डोकं ठिकाणावर नसलं तर माझ्यावर अमुक उपचार करा आणि तमुक करू नका. जयवंत म्हणाला, मला बांधू नका. सुई द्या. पाळणा नको, आणि मी मागितला तरी नको. सुनेत्रा त्याच्याशी भांडली. तुला कळत नाही तू काय सोसतोस, मी बघते, असं म्हणाली. हात तरी नक्की अण्णांचाच कशावरून, असंही रागात बोलून गेली.

जयवंत शांतपणे म्हणाला, "ताई, डोकं फिरलेलं असतं तेव्हा मला शांत व्हायचं असतं. बरा असतो तेव्हा मला अण्णा हवे असतात. दोघांपैकी एकाचंच ऐकायचं झालं तर बऱ्याचं ऐक."

वर्ष बरं गेलं. मग मार्च महिन्यात त्याची झोप पुन्हा उडाली. गोळ्या वाढवून उपयोग झाला नाही. एका दुपारी त्याने दुकानातल्या सगळ्या नव्या कॉइली पक्कडीने कापून टाकल्या आणि शटर आतून ओढून घेतलं. शेजाऱ्यांनी आणि सुनेत्राने मिळून त्याला बाहेर काढलं. रुग्णवाहिकेत त्याने तिच्या हाताला चावा घेतला.

शांत खोलीत त्याला गादीवर सोडलं. कुणी बांधलं नाही. सिस्टरने आणि डॉ. अस्मांनी इंजेक्शन दिलं, पण ते अंगात भिनायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ काढायचा होता. जयवंतला कोपऱ्यातला पाळणा दिसला. तो गुडघ्यांवर सरकत सुनेत्राकडे आला आणि त्याने तिचा पदर धरला.

"ताई, आत घाल मला. बोगद्यात घाल. माझ्या हाडांतून वीज चाललीय. घाल मला."

इतक्या वर्षांत त्याने तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. सुनेत्राने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर तिला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "तातडीच्या वेळी कायदा मला मोकळीक देतो. मी लावू शकते. पण तुम्हाला विचारल्याशिवाय लावणार नाही."

हो म्हणणं किती सोपं होतं. घटकाभरात त्याच्या मुठी उघडल्या असत्या. अण्णांचा हात गेला असता तरी त्याला कळलंही नसतं. त्या जागी तिचा हात आला असता, आणि तोही प्रेमाचाच होता. सुनेत्राने भिंतीला टेकून डोळे मिटले. वार्निशचा वास येणाऱ्या दुकानात बसलेला तिचा भाऊ तिला दिसला.

"नको," ती म्हणाली. "त्याने सांगितलंय तसंच होऊ दे."

जयवंतने तिला शिव्या दिल्या. तू माझी बहीण नाहीस, म्हणाला. डोकं भिंतीवर आपटू लागला, तेव्हा सिस्टरने मध्ये उशी धरली. सुनेत्रा त्याच्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर बसली. बोलायला हवं होतं, पण बोगद्याबद्दल एक शब्द काढायची तिला भीती वाटत होती. गाड्यांची नावंही ओठांवर येईनात. मग तिच्या तोंडून जे निघालं ते तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं. रागापायी तिने ती आठवण इतकी वर्षं उघडलीच नव्हती, आणि उघडली तेव्हा ती नवीकोरी होती.

"जयू, तुम्ही आत गेलात ना, तेव्हा मी बाहेर काय केलं, ते तुला कुठे माहितीय?"

त्याने ऐकलं नाही. ती सांगत राहिली. वॉचमन भागोजीने तिला पेरू दिला होता, तो तिने फेकून दिला. मग झोपडीमागच्या पायवाटेने ती खाली उतरली. तिथे डोंगराच्या पोटातून पाणी बाहेर पडत होतं. वीज करून सोडून दिलेलं पाणी. कामावरचे लोक त्याला अवजल म्हणत. हिरवंगार, फेसाळ, ऊन कधी न लागलेलं. तिथे जायला बंदी होती, म्हणूनच ती गेली. कठड्यावर बसून तिने चपला काढल्या आणि पाण्यात पाय सोडले. अण्णांवर इतका राग आला होता की त्या पाण्यावर ती थुंकलीसुद्धा.

"आणि मग माझ्या मनात आलं," सुनेत्रा म्हणाली, "की हे पाणी आत्ता, या क्षणी तुमच्या पायांखालून आलंय. अण्णांच्या आणि तुझ्या. तुम्ही त्याला फिरवून माझ्याकडे पाठवलंय. मग मला उठवेना."

जयवंतचं डोकं उशीवर थांबलं होतं. तो धापा टाकत होता, पण त्याचे डोळे तिच्यावर होते.

"गार होतं?" त्याने विचारलं.

"फार. हाडं दुखायला लागली."

"मग काढायचेस ना पाय."

"नाही काढले. बधिर झाले, तरी नाही काढले."

तो आणखी काही पुटपुटला. पुन्हा एकदा उसळला, शिव्या दिल्या, गादीवर मुठी आपटल्या, पण त्या मुठींत जोर उरला नव्हता. औषध चढत होतं. ती पाण्याबद्दलच बोलत राहिली. काठावर हिरवं शेवाळ होतं, एक लाल चतुर सारखा येऊन तिच्या गुडघ्यावर बसत होता. जयवंतचे डोळे मिटले तेव्हा खिडकीतून उतरतं ऊन गादीवर आलं होतं. डॉ. अस्मा दारापाशी उभ्या होत्या. सुनेत्राच्या मनगटावर दातांच्या खुणा उमटल्या होत्या, त्यावर त्यांनी मलम लावलं आणि तिच्याशेजारी बसल्या.

जयवंत दीड दिवस झोपला. उठला तो जड जिभेने, सुजलेल्या डोळ्यांनी. सुनेत्राने चमच्याने चहा पाजला.  तिच्या मनगटाकडे बघून त्याने मान खाली घातली. तिने ते पदराखाली घेतलं. दुकानाचं काय झालं हे त्याला हळूहळू सांगायला लागणार होतं, गोळ्यांची नवी गणितं मांडायची होती, पुन्हा कधी असा दिवस येणार होताच. त्या सकाळी तरी खोलीत सामसूम होती.

चहा संपल्यावर तो उशीला टेकून बराच वेळ छताकडे पाहत राहिला. मग अडखळत म्हणाला, "पाय बधिर झाले. मग?"

सुनेत्राला क्षणभर कळलं नाही. मग कळलं.

"मग भागोजीने हाक मारली," ती म्हणाली. "मी ओल्या पायांनी धावत वर आले. बोगद्याच्या दारातून अण्णा बाहेर येत होते. तू त्यांच्या खांद्यावर गाढ झोपला होतास. तुझी लाळ त्यांच्या शर्टावर गळत होती."

"हे मला माहीतच नाही."

"कसं असेल? तू झोपला होतास."

 मग त्याने विचारलं, "कसे दिसत होते?"

सुनेत्राने डोळे मिटून नीट पाहिलं. "दमलेले," ती म्हणाली. "अंधारातून एकदम उन्हात आले म्हणून डोळे बारीक केले होते. मिशीपाशी ग्रीसची काळी रेघ होती. मला बघून हसले, पण मी नाही हसले. आणि तुझ्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून त्यांनी हात असा धरला होता."

तिने हात त्याच्या कपाळावर, चार बोटं वर, धरून दाखवला. जयवंतने डोळे मिटले नाहीत. तो त्या हाताच्या सावलीत पडून वर पाहत राहिला, आणि हात भरून आला तरी सुनेत्राने तो खाली घेतला नाही.